सावली पडणाऱ्या गच्चीवर सौर पॅनेल: आधी जागा ठरवा, मग इन्व्हर्टर

नमस्कार. तुमचा प्रश्न इतर वाचकांसाठी थोडक्यात मांडतो. पुण्यात तुमचा दुमजली बंगला आहे. गच्ची पूर्व-पश्चिम सुमारे ४० फूट आणि दक्षिणोत्तर ३० फूट आहे. दक्षिणेला शेजाऱ्यांची नारळाची दोन झाडे आहेत, आग्नेयेला तुमच्या अंगणातला आंबा आहे, आणि पश्चिमेला ३० फुटांवर जुना बंगला पाडून नवी इमारत उभी राहत आहे, जी पूर्ण झाल्यावर तुमच्या गच्चीपेक्षा सुमारे ४५ फूट उंच असेल. गच्चीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात जिन्याची खोली, तिच्या डोक्यावर पाण्याची टाकी आणि दक्षिण कठड्याला लागून सोलर वॉटर हीटर आहे. महिन्याला साधारण ३०० युनिट वीज लागते. तीन विक्रेत्यांनी तीन वेगळे प्रस्ताव दिले आहेत: साध्या स्ट्रिंग इन्व्हर्टरवर (सगळ्या पॅनेलची वीज घरगुती विजेत बदलणारे एकच यंत्र) ३ किलोवॅट, 'सावलीची भरपाई म्हणून' ५ किलोवॅट, आणि मायक्रोइन्व्हर्टरवर (प्रत्येक पॅनेलमागे वेगळे छोटे यंत्र) ३ किलोवॅट. यांतले कोणते घ्यावे, असे तुम्ही विचारले आहे.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न यंत्र कोणते हा नाही. गच्चीच्या कोणत्या भागावर, कोणत्या महिन्यात, किती वाजता आणि कशाची सावली पडते हे तिघांपैकी एकाही कोटेशनमध्ये नाही, आणि ते कळल्याशिवाय यंत्राची निवड करणे म्हणजे मापे न घेता कपडे शिवायला टाकण्यासारखे आहे. जो प्रकाश पॅनेलपर्यंत पोचलाच नाही तो कोणतेही इलेक्ट्रॉनिक यंत्र परत आणू शकत नाही. एका पॅनेलच्या सावलीचा फटका दुसऱ्या पॅनेलांना बसू नये, एवढेच ते करू शकते. म्हणून मी पुढचे सगळे जागेपासून सुरू करतो आणि इन्व्हर्टरकडे शेवटी येतो.

आधी सावलीने नेमके काय बिघडते ते पाहू. पॅनेलमधले सेल एकापुढे एक, म्हणजे सीरिजमध्ये जोडलेले असतात, त्यामुळे सगळ्यांतून एकच करंट वाहतो. एका सेलवर सावली आली की त्याची करंट देण्याची क्षमता घटते आणि बाकीचे सेल भर उन्हात असूनही त्याच्यापाशी अडतात. असे अडकून राहू नये म्हणून पॅनेलमध्ये साधारणपणे तीन बायपास डायोड असतात आणि प्रत्येक डायोड एक-तृतीयांश सेल सांभाळतो. सावली आलेला तिसरा हिस्सा वगळून करंट पुढे जातो. म्हणजे तळहाताएवढ्या गडद सावलीने पॅनेलचा एक-तृतीयांश भाग निकामी होऊ शकतो. सावलीचे क्षेत्रफळ आणि विजेचे नुकसान यांचे प्रमाण जुळत नाही ते यामुळे, आणि 'गच्चीचा फक्त दहा टक्के भाग सावलीत आहे' या विधानाला म्हणूनच फारसा अर्थ नसतो.

सध्या मिळणाऱ्या बहुतेक पॅनेलांत सेल अर्धे कापलेले असतात आणि पॅनेलचा वरचा व खालचा अर्धा भाग समांतर जोडलेला असतो. असे पॅनेल उभे बसवले आणि खालच्या कडेला कठड्याची सावली आली, तर वरचा अर्धा भाग चालू राहतो. जुन्या पद्धतीच्या पूर्ण सेलच्या पॅनेलमध्ये तीच सावली सगळे पॅनेल बंद पाडू शकते. तुमच्या गच्चीसाठी अर्ध्या सेलचेच पॅनेल घ्या. त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत.

आता सूर्याकडे वळू. पुणे सुमारे साडेअठरा अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला माध्यान्ही सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो, म्हणून त्या वेळी वस्तूची सावली तिच्या उंचीच्या सुमारे ०.९ पट लांब आणि उत्तरेकडे पडते. मार्चच्या विषुवदिनी तोच सूर्य सुमारे साडेएकाहत्तर अंशांवर येतो आणि सावली उंचीच्या एक-तृतीयांशापर्यंत आखडते. मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो आणि तिथपासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्याच्याही उत्तरेला असतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की दक्षिणेकडच्या अडथळ्यांचा त्रास मुख्यतः नोव्हेंबर ते जानेवारीत होतो, तर पूर्व-पश्चिमेकडच्या अडथळ्यांचा त्रास बारा महिने होतो. बहुतेक लोक दक्षिणेच्या झाडांची काळजी करतात आणि पश्चिमेच्या इमारतीकडे दुर्लक्ष करतात. पुण्याच्या अक्षांशावर ते उलट असायला हवे.

आणखी एक बारीक गोष्ट. आपले घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचे असल्यामुळे पुण्यात खरी माध्यान्ह बाराला नव्हे, तर साधारण साडेबारा ते पाऊणच्या दरम्यान येते. निरभ्र दिवशी एकूण उत्पादनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग माध्यान्हीच्या आधीच्या आणि नंतरच्या तीन-तीन तासांत, म्हणजे घड्याळाच्या साडेनऊ ते पावणेचारमध्ये मिळतो. सकाळी आठची सावली पाहून घाबरण्याचे कारण नाही, पण दुपारी दोनची सावली महागात पडते.

तुमच्या पश्चिमेच्या इमारतीचे गणित या हिशेबाने मांडून पाहतो. ती पुरेशी रुंद आहे असे धरले, तर मार्चमध्ये तिची सावली तुमच्या गच्चीच्या पश्चिम कडेला दुपारी तीनच्या थोडी आधी पोचेल, पावणेचारच्या सुमारास सतरा-अठरा फूट आत येईल, आणि पूर्व कडेला साडेचारच्या आसपास टेकेल. पश्चिम कडेच्या पॅनेलचे निरभ्र दिवशी वीस टक्क्यांच्या आसपास नुकसान होईल, मधल्या पट्ट्यात ते दहा-अकरा टक्के असेल आणि पूर्व कडेला सहा-सात टक्क्यांवर येईल. एकाच गच्चीवर, एकाच अडथळ्यामुळे, जागेनुसार तिप्पट फरक पडतो. इमारत सध्या अर्धवट आहे, म्हणून आज मोजलेली सावली अंतिम समजू नका. बांधकामाच्या फलकावरून किंवा मंजूर नकाशावरून पूर्ण उंची काढा, तीत गच्चीवरची लिफ्टची खोली आणि टाक्याही धरा. पावसाळ्यात ढगाळ आकाशातून येणारा विखुरलेला प्रकाशही ही इमारत काही प्रमाणात अडवेल, पण तेव्हा उत्पादन तसेही कमीच असते. बांधकाम चालू असेपर्यंत पॅनेलवर सिमेंटची धूळ बसेल, ती मात्र दवाने ओली होऊन घट्ट धरण्याच्या आत धुवावी लागेल.

नारळांचे तसे नाही. त्यांची उंची आणि अंतर तुम्ही लिहिलेले नाही, त्यामुळे उदाहरण घेतो. झाडे गच्चीच्या दक्षिण कडेपासून १५ फुटांवर आणि शेंडे गच्चीपेक्षा ३५ फूट उंच आहेत असे समजा. डिसेंबरच्या माध्यान्ही शेंड्याची सावली सुमारे ३२ फूट उत्तरेला, म्हणजे गच्चीच्या मध्यापर्यंत येईल. मार्चमध्ये माध्यान्हीची सावली गच्चीवर पोचणारही नाही. डिसेंबरातही ती एका जागी ठाण मांडून बसत नाही. माध्यान्हीच्या सुमारास ती तासाला अकरा-बारा फूट पूर्वेकडे सरकते, म्हणजे १५ फुटांचा शेंडा एका बिंदूवरून साधारण सव्वा-दीड तासात जातो. शिवाय सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी असल्यामुळे, कोणत्याही वस्तूची पूर्ण काळोखी सावली तिच्या जाडीच्या सुमारे १०८ पटींपर्यंतच टिकते आणि पुढे ती फिकी होत जाते. झावळीच्या पातीची सावली तीस-चाळीस फुटांवर पुसट असते, पण खोडाची तेवढ्या अंतरावरही गडद असते. झावळ्या वाऱ्याने हलत असतात तेव्हा मात्र पुसट सावलीही सतत बदलते आणि इन्व्हर्टरला योग्य व्होल्टेज पुन्हा पुन्हा शोधावे लागते. नारळाबाबत मला सावलीपेक्षा दुसरीच चिंता अधिक वाटते: वाळलेली झावळी किंवा नारळ थेट पॅनेलवर पडेल अशा टापूत पॅनेल कधीच बसवू नका. ती काच दगड झेलण्यासाठी केलेली नाही.

आंब्याची सावली दाट असते, पण तो आग्नेयेला असल्यामुळे तिचा त्रास हिवाळ्याच्या सकाळपुरता राहतो. आंब्याची दुसरी भानगड विक्रेते सांगत नाहीत. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांमुळे झाडाखाली चिकटा पडतो. अंगणात लावलेल्या गाडीच्या काचेवर तो तुम्ही पाहिलाच असेल. पॅनेलवर तो पडला की त्यावर धूळ बसते, मग काळी बुरशी चढते, आणि नुसत्या पाण्याने ती निघत नाही. नेमक्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे उत्तम उन्हाच्या दिवसांत हे घडते. म्हणून आंब्याच्या घेरापासून पॅनेल पाच-सहा फूट तरी दूर हवेत. झाड तोडण्याचा विचार करू नका. महापालिका हद्दीत त्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते हे एक कारण आहेच, पण मार्च ते मे त्याच झाडामुळे तुमची आग्नेयेची खोली थंड राहते, हा हिशेब कोणत्याच कोटेशनमध्ये येत नाही. गरज वाटली तर दोन-तीन फांद्यांच्या छाटणीसाठी उद्यान विभागाकडे अर्ज करावा.

आता जे तुमच्या हातात आहे ते, म्हणजे गच्चीवरचे सामान. जिन्याची खोली आठ फूट आणि वर टाकी पाच फूट धरली, तर डिसेंबरात दुपारी साडेतीनला त्या जोडीची सावली तेवीस फूट लांब होऊन ईशान्येकडे पसरते. टाकी खाली उतरवून उत्तर कडेला ठेवली तर तीच सावली चौदा फुटांवर येते. यात प्लंबरचे काम आणि पाण्याच्या दाबाचा प्रश्न आहे. वरच्या मजल्यावरच्या शॉवरला प्रेशर पंप लावावा लागू शकतो. तरीही अशा गच्चीवर टाकी हलवण्याचा खर्च बहुधा सर्वांत फायद्याचा ठरतो.

सोलर वॉटर हीटरने दक्षिणेची उत्तम जागा अडवली आहे. हीटरवर सावली आली तर उष्णता जवळपास सावलीच्या प्रमाणातच घटते, पॅनेलसारखी एकदम कोसळत नाही. म्हणून सावलीची जागा द्यायचीच असेल तर ती हीटरला द्यावी, असे तत्त्वतः म्हणता येते. पण गरम पाण्याची खरी गरज डिसेंबर-जानेवारीत असते आणि दक्षिणेच्या झाडांची सावलीही तेव्हाच असते. तुमच्या बाबतीत पॅनेल उत्तरेकडे सरकवता येतात, तेव्हा हीटरला मी हात लावणार नाही.

कपडे वाळत घालायच्या तारा आणि डिश अँटेना यांचाही विचार करा. ३ मिलिमीटर जाडीच्या तारेची काळोखी सावली फूटभरच टिकते, म्हणून पॅनेलच्या पाच-सहा फूट वरून गेलेली तार निरुपद्रवी असते. पण काचेच्या वीतभर वर ताणलेली तीच तार ओळीने सेल झाकते, आणि तीवर चादर घातली की मग बोलायलाच नको.

या सगळ्यातून जागेबाबत माझे मत असे बनते. पश्चिमेची इमारत, नैर्ऋत्येची खोली आणि दक्षिणेचे नारळ या तिन्हींपासून सर्वांत दूर असलेला भाग म्हणजे गच्चीचा ईशान्य भाग. सुमारे ५४० वॅटची सहा पॅनेल तीन-तीनच्या दोन ओळींत उभी लावली तर साधारण १२ फूट रुंद आणि १६ फूट लांब जागा पुरते. ती गच्चीपासून आठ फूट उंच लोखंडी सांगाड्यावर बसवावीत. उंची वाढवल्याने कठडा आणि जिन्याची खोली यांचा प्रश्न मिटतो, खाली वावरायला जागा राहते, आणि वरच्या उदाहरणातला नारळ ३५ ऐवजी २७ फूटच उंच उरून त्याची डिसेंबरातली माध्यान्हीची सावली पॅनेलच्या अलीकडेच संपते. इमारतीच्या सावलीतही थोडी सूट मिळते. कल दक्षिणेकडे दहा अंशांच्या आसपास ठेवा. अठरा-वीस अंशांच्या तुलनेत वर्षभरात दोन-तीन टक्क्यांचेच नुकसान होते आणि वारा कमी अडतो. पश्चिम अडलेली असताना पॅनेल पूर्वेकडे कलवण्याचा मोह होतो, पण तुमच्याकडे सकाळच्या बाजूला आंबा आहे, म्हणून मी तो टाळेन.

उंच सांगाड्याला किंमत आहे. वाऱ्याचा उपसा, म्हणजे पॅनेल वर उचलू पाहणारा जोर, धरून त्याचे डिझाइन व्हायला हवे, गॅल्व्हनाइज्ड पोलाद हवे, आणि पाय शक्यतो खालच्या कॉलम-बीमच्या रेषेत यायला हवेत. जुन्या बंगल्यांच्या गच्चीवर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे गळती रोखण्यासाठी घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर असतो. त्यातून अँकर बोल्ट ठोकले की पहिल्याच पावसाळ्यात खालच्या खोलीचे छत ओले होते, आणि मग विक्रेता व वॉटरप्रूफिंगवाला एकमेकांकडे बोट दाखवतात. काँक्रीटचे पेडेस्टल आणि त्याभोवतीचे वॉटरप्रूफिंग कोणाच्या जबाबदारीत आहे, हे करारात लिहून घ्या.

माझे वरचे आकडे तुमच्या वर्णनावर आधारलेले आहेत, ते प्रत्यक्ष तपासण्यासाठी डिसेंबरपर्यंत थांबावे लागत नाही. फोनमधले होकायंत्र आणि कोन मोजण्याची सोय पुरेशी आहे. पॅनेलच्या नियोजित कोपऱ्यांवर, शक्य असेल तर तेवढ्याच उंचीच्या घोड्यावर (घडीच्या शिडीवर), उभे राहा. १८० अंशांच्या दिशेला ४८ अंश वर पाहा: तिथे झाड दिसले तर डिसेंबरच्या माध्यान्ही त्या बिंदूवर सावली आहे. १३२ अंशांच्या दिशेला २९ अंश वर पाहा, तो डिसेंबरातल्या सकाळी साडेनऊचा सूर्य. २२८ अंशांच्या दिशेला तेवढ्याच उंचीवर, तो दुपारी साडेतीनचा. मार्चसाठी १०८ आणि २५२ अंशांच्या दिशांना ४२ अंश वर पाहा. सूर्याचा मार्ग कॅमेऱ्याच्या चित्रावर दाखवणारी ॲपही मिळतात. मी तरीही ग्राहकांना एका निरभ्र दिवशी दर तासाला गच्चीवर खडूने सावलीची कड आखायला सांगतो. चायना मोझॅकवर त्या रेषा एकमेकींना कुठे छेदतात आणि कोणता चौकोन कोरा राहतो ते पाहिले की घरातल्या सगळ्यांना जागा आपोआप पटते.

जागा ठरली की यंत्राचा प्रश्न बराच सोपा होतो. महाराष्ट्रात सावलीविना १ किलोवॅटपासून वर्षाला ढोबळ मानाने १४०० ते १५०० युनिट मिळतात. तुमची गरज वर्षाला ३६०० युनिटांची आहे. पंधरा टक्के नुकसान धरले तरी ३ किलोवॅटमधून तेवढी वीज निघते. त्यामुळे ५ किलोवॅटचा प्रस्ताव मी बाजूला ठेवेन. त्यातली वाढीव पॅनेल गच्चीच्या सर्वांत वाईट जागांवर, म्हणजे पश्चिम कडेला आणि नारळांच्या बाजूला जाणार आहेत. शिवाय घरगुती सौर पॅनेलसाठीच्या केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेतले अनुदान पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे ७८,००० रुपयांवर थांबते, चौथ्या-पाचव्या किलोवॅटला काहीच मिळत नाही. भरपाई म्हणून जास्त पॅनेल लावणे तेव्हाच योग्य असते, जेव्हा वाढीव पॅनेलना तुलनेने चांगली जागा शिल्लक असते.

उरले स्ट्रिंग आणि मायक्रो. स्ट्रिंग म्हणजे पॅनेलही सीरिजमध्ये. स्लॅब टाकताना घमेली हातोहात पुढे देणाऱ्या रांगेत एक माणूस संथ झाला की सगळी रांग संथ होते, तसेच. ईशान्येच्या सहाही पॅनेलवर सावली जवळपास एकाच वेळी येत-जात असेल, तर रांगेत कोणी एकटा मागे पडत नाही आणि साधा स्ट्रिंग इन्व्हर्टर उत्तम चालतो. त्यात सावलीच्या वेळी पूर्ण व्होल्टेज-पट्टा तपासून खरा, म्हणजे सर्वाधिक वीज देणारा, उच्चबिंदू शोधण्याची सोय आहे का, आणि ती चालू केली आहे का, एवढे पाहा. सोय असते, पण कोणी चालू केलेली नसते, असे मी पुष्कळदा पाहतो.

दोन एमपीपीटी (सर्वाधिक वीज देणारे व्होल्टेज शोधणारे इन्व्हर्टरमधले स्वतंत्र भाग) घेऊन तीन-तीन पॅनेलचे दोन गट करावेत, हा सल्लाही तुम्हाला मिळेल. तत्त्व बरोबर आहे, पण एक खाच आहे. अशा तीन पॅनेलचे व्होल्टेज सुमारे १२५ असते, एप्रिलच्या तापलेल्या गच्चीवर ते ११० च्या आसपास येते, आणि सावलीने एखाद-दोन डायोड सुरू झाले की ते आणखी उतरते. इन्व्हर्टरची किमान मर्यादा शंभराच्या आसपास असेल, तर तो गट सावलीच्या वेळी पूर्णच बंद पडतो. डेटाशीटमधला एमपीपीटीचा किमान व्होल्टेजचा आकडा विचारा. तो पुरेसा कमी नसेल तर सहाची एकच स्ट्रिंग बरी.

मायक्रोइन्व्हर्टर किंवा ऑप्टिमायझर (स्ट्रिंगमध्येच प्रत्येक पॅनेल स्वतंत्रपणे सांभाळणारे छोटे यंत्र) लावावेत ते पॅनेलांवर वेगवेगळ्या वेळी सावली येत असेल तेव्हा. उदाहरणार्थ, दोन पॅनेल जिन्याच्या खोलीच्या छतावर आणि चार ईशान्येला बसवायची असतील, तर मी निःसंशय मायक्रो घेईन. पण त्यांच्याकडून अपेक्षा माफक ठेवा. सावलीने गेलेल्या उत्पादनाचा साधारण चौथा ते तिसरा हिस्सा वाचला तर ते चांगले काम झाले म्हणायचे. नुकसान आठ टक्के असेल तर वाचतात दोन-अडीच टक्के, म्हणजे तुमच्या घरात वर्षाला शंभरएक युनिट. वाढीव खर्च त्या युनिटांच्या किमतीवर किती वर्षांत वसूल होतो, ते तुमच्या बिलावरचा दर घेऊन तुम्हीच काढू शकता. माझा ढोबळ नियम असा आहे: सात टक्क्यांच्या आत नुकसान असेल तर स्ट्रिंग, त्याहून जास्त आणि पॅनेलागणिक वेगळे असेल तर मायक्रो, आणि एखाद्या पॅनेलचे नुकसान पंचवीस टक्क्यांच्या वर जात असेल तर ते पॅनेल त्या जागी बसवूच नये. तुमच्या ईशान्य भागात इमारतीमुळे आकडा सात ते दहाच्या मध्ये येईल असे दिसते, पण ती सावली सगळ्या पॅनेलवर मागेपुढे अर्ध्या-पाऊण तासात येते. म्हणून मोजमापात आंबा फार आडवा येत नसेल, तर मी स्ट्रिंग घेऊन वाचलेले पैसे सांगाडा आणि टाकीवर खर्च करेन.

तिन्ही विक्रेत्यांना पुन्हा बोलावताना कोटेशनच्या शेवटच्या पानावर 'सावलीमुक्त जागा गृहीत धरली आहे' अशी ओळ आहे का ते पाहा. ती असेल तर त्यांचे उत्पादनाचे आकडे तुमच्या गच्चीचे नाहीत. ती ओळ काढायला सांगा, आणि तिच्या जागी महिन्यावार व पॅनेलवार सावलीचा अहवाल, पूर्ण झालेली इमारत धरून, मागा. जो तो द्यायला तयार होईल त्याच्याशी पुढचे बोलणे करा, मग त्याचा मूळ प्रस्ताव तिघांपैकी कोणताही असो. झाडांच्या उंच्या आणि अंतरे मोजून इथे लिहिलीत तर नारळ आणि आंब्याचा हिशेब मी नेमका करून देईन.